गोदाकाठच्या बांधावरचा वसंत : प्रकल्प नोंदी, हिवाळा २०१८-१९

१६ डिसेंबर २०१८, रविवार

वाचनालयाच्या ग्रुपवर काल जे ठरलं ते इथे नीट लिहून ठेवतो. आपल्या शिवारातली बांधावरची, ओढ्याकाठची आणि मारुतीच्या पाराजवळची झाडं ठरवायची, त्यांना नंबर टाकायचे आणि दर रविवारी सकाळी जाऊन तीच झाडं बघायची. दुसरं कुठलं फुललेलं दिसलं तर फोटो काढा, ग्रुपवर टाका, पण शीटमध्ये नोंद फक्त नंबरच्या झाडाची. एकाच जातीची दोन झाडं शेजारी शेजारी असली तरी फुलायला आठ-पंधरा दिवस मागंपुढं होतात, त्यामुळे "पळस फुलला" असं मोघम लिहून काही कळत नाही, कुठला पळस ते पाहिजे.

पद्धत सीझनवॉचवाल्यांची घेतलीय. देशभरात लोक अशा नोंदी करतात, केरळातल्या शाळांनी तर यात फार काम केलंय. जुनी पानं, कोवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं असे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात तीनच पर्याय, अजिबात नाही, थोडं, भरपूर. शाळेतली पोरंसुद्धा भरू शकतात.

हे कशाला म्हणून दोघातिघांनी विचारलं. तर बघा, आपल्या निफाड तालुक्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, द्राक्षाच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, किती दिवस झाले, तो बरोबर सांगणार. थिनिंग (मणी विरळ करणं) कधी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) कधी, मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ व्हायला, कधी लागतं सगळं तोंडपाठ. पण आपल्याच बांधावरच्या काटेसावरीला कळी कधी धरते, कडुनिंब पान कधी टाकतो, हे आज्जीला माहीत होतं, मला नाही आणि माझ्या पोरीला तर नाहीच नाही. वसंत येतो तो द्राक्षाच्या प्लॉटात येत नाही, तिथे आपण छाटू तेव्हा फुटतं. वसंत येतो बांधावर. आणि बांध दरवर्षी बारीक होत चाललेत, म्हणून आत्ताच लिहून ठेवायचं.

२३ डिसेंबर, रविवार

नंबर टाकून झाले. पांढरा ऑइलपेंट, छातीच्या उंचीवर, पूर्वेकडून. खिळा कुठेही मारलेला नाही, पत्र्याची पाटी ठोकायची आयडिया आली होती ती सगळ्यांनी मिळून नको म्हटली.

यादीत काय काय आहे ते थोडक्यात. ओढ्याला काटेसावर दोन, एक पांगारा. पळस चार, त्यातले दोन माळाच्या कडेला आणि दोन पाटाजवळ, मुद्दाम, ओलीचा फरक पडतो का बघायचा. कडुनिंब तीन. पारावरचा पिंपळ. करंज, चिंच, गावठी आंबा, उंबर, बाभूळ, हिवर. शाळेमागचा बहावा शेवटी घेतलाय, त्याची वेळ उशिरा असते पण पोरांना तोच पाहिजे होता.

दोन थर्मामीटर पण लावलेत. एक वाचनालयाच्या गच्चीवर सावलीत आणि एक खाली नदीकडच्या कांद्याच्या वावरात खांबाला, छत्री करून. आजची सकाळ चांगलीच गार. खालचा थर्मामीटर गच्चीपेक्षा कमी दाखवतोय आणि तो बिघडलेला नाही, दोन्ही एकत्र ठेवून तपासून घेतलेत. गार हवा जड असते, रात्री उतारानं खाली येऊन खोलगटात साठते एवढाच त्याचा अर्थ.

३० डिसेंबर, रविवार

या आठवड्यात झाडांकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती आणि त्यात कुणाचा दोष नाही. अशी थंडी बऱ्याच वर्षांत पडली नव्हती. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्या आसपास गेला, काल नागपुरात ३.५ म्हणजे तिथला आजवरचा नीचांक. आमच्याकडे पहाटे ड्रिपच्या नळीवर आणि कांद्याच्या पातीवर पांढरा थर, बोटानं खरवडला तर नखात बर्फाचा चुरा. म्हातारी माणसं दहा वाजेपर्यंत घराबाहेर नाहीत.

पोरांनी विचारलं निफाडच का, नाशिक का नाही, इगतपुरी तर उंचावर आहे. आपल्याकडे गोदावरी आणि कादवेचं खोरं पसरट, उघडं. उत्तरेत हिमालयात बर्फ पडून गेलं की तिकडचं कोरडं वारं इथपर्यंत येतं. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमिनीची दिवसभराची ऊब रात्री वर निघून जाते, अडवायला ढग नसतात. आणि वर सांगितलं तसं गार हवा खोलगटात बसते. शहरात सिमेंट तापलेलं असतं, इथे सगळं उघडं वावर.

गव्हाला ही थंडी सोन्यासारखी. फुटवे जोरात, निफाड ३४ असो नाहीतर त्र्यंबक, सगळे गहू काळेभोर दिसतायत. हरभरा पण ठीक. कांद्याला डेंगळे येणार असं आई म्हणते, थंडी जास्त झाली की कांदा पोसायचं सोडून फुलाचा दांडा काढतो. आणि द्राक्षाचं तर विचारू नका. दहाच्या खाली गेलं की मण्याची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या मालात मणी तडकतात, दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी यात अंतर वाढलं की हिरव्या मालाचे मणी गुलाबी पडतात आणि तो माल एक्सपोर्टला कोणी घेत नाही. वर्षभराचं कर्ज त्या घडांवर आहे. त्यामुळे रात्री दोनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे लाईट असेल तर विहिरीचं पाणी सोडायचं कारण ते हवेपेक्षा कोमट असतं, एवढंच हातात आहे. गावाकडून बघितलं तर रात्री सगळं शिवार धुरात.

६ जानेवारी २०१९, रविवार

शीटमध्ये आज पहिली वाईट नोंद. कडुनिंब नंबर ११ तोडला.

नानांच्या बांधावरचा होता. त्यांच्याशी बोललो. मी म्हटलं नाना, नंबर टाकलेलं झाड होतं ओ. ते म्हणाले, "मला काय हौस आहे का तोडायची? सरपण संपलं. तीन रात्री टायर जाळायचे म्हणत होते पोरं, मी म्हटलं टायर नको, घडावर काजळी बसती. मग काय जाळू सांग." मला सांगता आलं नाही. नानांनी तो निंब स्वतः लावलेला, त्यांच्या वडिलांच्या वेळचा पण नाही, त्यांनीच. तोडल्यावर सावली गेली म्हणून बैल कुठे बांधायचा त्याचीही चिंता लागलीय त्यांना.

घरी येताना हिशोब करत आलो. कडाक्याची थंडी पडली की शेकोट्या, शेकोटीला सरपण, आणि सरपण येतं कुठून तर बांधावरून, कारण प्लॉटात झाड ठेवत नाही कोणी. त्यात पळस, पांगारा नीट जळत नाहीत म्हणून वाचतात, निंब-बाभूळ-हिवर जळायला चांगले म्हणून आधी तेच जातात. म्हणजे थंडी बागेला लागते आणि कुऱ्हाड बांधाला. ही एक गोष्ट शीटच्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही पण माझ्या मते या प्रकल्पातली हीच सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे.

नंबर ११ ची ओळ खोडायची नाही असं ठरलं. दर रविवारी तिथे जाऊन खुंट बघायचा.

१५ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

थोडक्यात. बोरं भरपूर, हरभऱ्याला घाटे, ओंब्या भरल्या, म्हणजे सुगडात घालायचं सगळं शिवारातच मिळालं. चिंच नंबर १४ गाभुळली, दुपारी शाळा सुटली की झाडाखाली गर्दी. काटेसावरीची पानं पिवळी पडून गळायला लागली.

२७ जानेवारी, रविवार

ओढ्याकाठची थोरली काटेसावर पूर्ण उघडी झाली, एक पान नाही. आणि फांद्यांच्या टोकाला गोल, घट्ट, हिरवट-तपकिरी कळ्या, साधारण गोटीएवढ्या. पोरांचा प्रश्न बरोबर होता, पाऊस नाही, थंडी आहे, जमीन कोरडी, मग झाड कळ्या कशाच्या जोरावर काढतंय?

पान म्हणजे पाण्याचा खर्च. झाडानं पानं टाकली की वरून पाणी उडायचं थांबतं आणि मुळांनी खालून ओढलेलं पाणी खोडात, फांद्यात साठायला लागतं. त्या साठ्यावर कळ्या फुगतात. म्हणजे पानगळ म्हणजे झाड मेलं-झोपलं असं नाही, तीच फुलण्याची तयारी आहे. आपल्याकडचा वसंत असा कोरड्यातून येतो, तिकडं थंड देशात बर्फ वितळून हिरवं येतं तसा नाही. आपल्याकडे आधी पान जातं, मग रंग येतो, हिरवं सगळ्यात शेवटी. फूल पान नसताना आलं की लांबून दिसतं, पाखरांना सोपं जातं. आणि आत्ता फुललं तर फळ उन्हाळ्यात तयार होऊन बी बरोबर पावसाच्या तोंडावर पडतं. पळसाच्या शेंगांचं तेच गणित.

तांबट पक्षी बोलायला लागला. टुक टुक टुक एका लयीत, उंबरावर, दिसत नाही लवकर. थंडी परत वाढलीय पण त्याला फरक पडलेला नाही.

१० फेब्रुवारी, रविवार, वसंत पंचमी

पंचांगात आज वसंत आणि कालपासून पारा परत पाचच्या खाली. फेब्रुवारीत इतकी थंडी आबांनाही आठवत नाही. रात्रभर परत शेकोट्या. यावेळी बाग तोडणीला आलेली, काहींचा माल दोन दिवसांवर, व्यापारी सौदा करून गेलेला, आणि घडात तडकलेले मणी. वहिनी घडातून तडकलेले मणी कात्रीनं काढत बसल्या होत्या दुपारी, एकेका घडाला पाच-दहा मिनिटं. नाहीतर एका मण्याचा रस बाकीच्यांना लागून सगळा घड सडतो.

पण शीटमध्ये जे दिसतंय ते मला फार महत्त्वाचं वाटतं. काटेसावर नंबर १, "फुलं, थोडी". आजच्या तारखेला, या थंडीत. खाली वावरात गवतावर दव गोठलेलं आणि वर लालभडक फुलं. पांगाऱ्याच्या कळ्या पण काळपट लाल झाल्यात. म्हणजे झाड फक्त थंडी-गर्मी बघून चालत नाही. दिवस मोठा होत चाललाय ते झाडाला कळतं, पान टाकून किती दिवस झाले, खाली ओल किती, हे सगळं मिळून ते ठरवतं. थर्मामीटरवरून वसंत ओळखता येणार नाही हे आज पक्कं झालं.

आंब्याचं मात्र वेगळं. मोहोर चांगला आहे, पण इतक्या गारठ्यात मोहोरात नर फुलं जास्त निघतात, माश्या फिरत नाहीत, फळ कमी धरतं. कोकणात मावसभाऊ आहे, तो म्हणतो त्यांच्याकडे अशा थंडीनं परत मोहोर फुटतो आणि आधी धरलेली बारकी कैरी गळून जाते. झाड नव्या मोहोराला जोर लावतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज दोन तास काटेसावरीखालीच बसून होतो, बाकीची झाडं पोरांनी केली.

थोरली आता पूर्ण भरात. खोडावर शंकूसारखे जाड काटे, फांद्या आडव्या, मजल्यामजल्यांनी निघालेल्या, आणि प्रत्येक फांदीवर टोकापर्यंत फुलं. एक फूल खाली पडलं ते उचलून बघितलं. पडताना चक्क धप्प आवाज येतो इतकं जड. पाकळ्या पाच, जाड, बाहेरून थोड्या रेशमी लवीच्या, आत गुळगुळीत, मधे पुंकेसरांचे जुडगे. बुडाशी हिरवं पेल्यासारखं जाड देठ, त्यात पातळ गोडसर पाणी. बोट बुडवून चाखलं, अगदी सौम्य गोड. त्यात तीन मुंग्या आणि एक फुलोरी माशी.

वर तर बाजारच भरला होता. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, कावळे, कोतवाल, दोन खारी. कोतवालाच्या कपाळावर पिवळा पराग लागलेला दुर्बिणीतून स्पष्ट दिसला, काळ्या पाखराच्या तोंडाला हळद लावल्यासारखा. तोच पराग घेऊन तो पुढच्या फुलात. भोरड्यांचा थवा आला तेव्हा सगळे उडाले, शंभर एक असतील, गुलाबी-काळ्या, प्रचंड कालवा, दहा मिनिटांत निघून गेल्या. भोरड्या मध्य आशियातून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात, जायच्या आधी त्यांना हा मध लागतोच. जिथे मैलभर नुसत्या द्राक्षाच्या ओळी आहेत तिथे हे एक झाड किती जणांना पोसतंय ते बघायला पाहिजे सगळ्यांनी. ओढ्याचं सरळीकरण करताना हे झाड जाईल असं बोलणं कानावर आलंय. ग्रामसभेत विषय घ्यायचा, फोटोंसकट.

शेळ्यावाला मामा खालची फुलं गोळा करून पिशवीत भरत होता. शेळ्या आवडीनं खातात. सावरीच्या कळ्यांची भाजी पण करतात काही घरात, त्यांनीच सांगितलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

शीट लवकर उरकून आठवी-नववीच्या पोरांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरला, चापडगावच्या बाजूनं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा बंधारा इंग्रजांच्या काळातला, मागे गाळ साठून पाणथळ झाली आणि पाखरं यायला लागली. १९८६ पासून अभयारण्य. आपल्या घरापासून इतकं जवळ आणि निम्मी पोरं पहिल्यांदा आली होती.

थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदकं अजून आहेत, वारकरी नावाची पाणपाखरं तर भरपूर. पण डिसेंबरातली गर्दी नाही. चक्रवाकाच्या जोड्या अस्वस्थ वाटल्या, उठायच्या, चक्कर मारायच्या, परत बसायच्या. गाईडदादा म्हणाले आता रात्रीत निघायला लागतील. इथला हिवाळा संपला हे त्यांना आपल्या आधी कळतं आणि तिकडे हिमालयापलीकडे बर्फ वितळेपर्यंत पोचायचं असतं. जांभळ्या पाणकोंबड्या इथल्याच, त्या कुठे जात नाहीत, पाणवनस्पतीत निवांत.

३ मार्च, रविवार

पळस. माळावरचे दोन्ही, नंबर ५ आणि ६, "फुलं, भरपूर". पाटाजवळचे दोन्ही अजून कळीवर, त्यातल्या एकावर तर जुनी पानं अजून धरलेली आहेत. म्हणजे जो अंदाज होता तसंच झालं, ओल जास्त तिथे पान उशिरा पडतं, फूल उशिरा येतं. एका वर्षावरून नियम काढायचा नाही, पण पुढच्या वर्षी परत असंच दिसलं तर बोलता येईल.

पळसाची कळी नीट बघितली का कोणी? बघा. बाहेरचं आवरण तपकिरी-काळं, मखमली, बोट फिरवलं तर लव लागते. त्यातून केशरी टोक बाहेर येतं, वाकडं, पोपटाच्या चोचीसारखं. फुलावरही बारीक चंदेरी लव असते म्हणून उन्हात झळाळतं. फांदी काळपट, वेडीवाकडी, एक पान नाही, आणि वर हा रंग. आज सकाळी सातच्या उन्हात माळावर उभा राहिलो तर डोळे निवले. या हिवाळ्यात काय काय सोसलं सगळ्यांनी, कांद्याचा भाव मातीमोल, सिन्नरकडं दुष्काळ जाहीर, इथे थंडीनं बागा गेल्या, आणि ज्या माळावर कुणी पाण्याचा थेंब दिला नाही तिथे हे झाड असं उभं. मला खरंच खूप बरं वाटलं. ते लिहायची लाज वाटायचं कारण नाही.

उद्या महाशिवरात्र. देवळात वाहायला पळसाची फुलं नेणारे बरेच जण आहेत, पडलेली वेचा, फांदी मोडू नका एवढं ग्रुपवर टाकलं.

१० मार्च, रविवार

पिंपळाची पानगळ झाली आणि चार दिवसांत नवीन पान. गुलाबी-तांबूस, पातळ, वाऱ्याला चमकतात. करंज एका आठवड्यात उघडा होऊन परत पोपटी. कडुनिंब नंबर ९ आणि १० चालू झाले, कोवळं पान तांबडं.

नंबर ११ च्या खुंटावर साल आणि लाकडाच्या मधून फुटवे निघालेत. नव्या पानांच्या कप्प्यात "थोडी". नानांनी स्वतःच खुंटाभोवती काट्या लावल्यात, शेळ्या खाऊ नयेत म्हणून.

२१ मार्च, गुरुवार, धुळवड

काल होळी. यंदा पौर्णिमा आणि दिवस-रात्र समान होण्याची वेळ काही तासांच्या अंतरानं आली, आज पहाटे साडेतीनच्या सुमाराला सूर्य विषुववृत्तावर आणि सकाळी पौर्णिमा संपली. पोरांना गच्चीवर नेऊन सूर्य बरोबर पूर्वेला कसा उगवतो ते दाखवलं, पाण्याच्या टाकीच्या कडेवर खूण करून ठेवलीय.

होळीसाठी झाड तोडायचं नाही हे यावेळी तरुण मंडळानं आधीच ठरवलं होतं. गोवऱ्या, एरंडाची एक फांदी आणि बागेतल्या जुन्या काड्या. होळी नेहमीसारखीच मोठी झाली, कुणाला काही कमी वाटलं नाही. आणि तिथंच बोलता बोलता नाना म्हणाले, काड्याच जाळायच्या होत्या तर शेकोटीला पण त्याच वापरल्या असत्या की, एप्रिलात आपण ढीग लावून पेटवूनच देतो. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं असं नाही, पण थंडीत आठवतं तेव्हा काड्या नसतात आणि एप्रिलात काड्या असतात तेव्हा थंडी आठवत नाही. लिहून ठेवलं.

२५ मार्च, सोमवार, रंगपंचमी

शाळेत पळसाच्या फुलांचा रंग केला. पडलेली फुलं, देठ काढून, आदल्या रात्री गरम पाण्यात. सकाळी पिवळा-केशरी. चिमूटभर चुना टाकला की केशरी गडद होतो, ते बघून पोरं हरखली. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे जमिनीतले जुने हौद, खोदून उघडतात आणि त्यात उड्या मारतात, तिथेही अशाच फुलांच्या रंगाची परंपरा आहे. कपड्यावरचा डाग धुतल्यावर फिकट होतो पण पूर्ण जात नाही, आयांच्या तक्रारी येतील.

पाटाजवळचे पळस आता कुठे भरात आलेत. म्हणजे माळाच्या पळसांपेक्षा तीन आठवडे मागे.

३१ मार्च, रविवार

ऊन कडक. दुपारी अडतीसच्या पुढे. कोकिळ पहाटे चारपासून. भोरड्या मागच्या रविवारपासून दिसल्या नाहीत. नांदूरमध्यमेश्वरला बदकं थोडीच उरलीत. गहू सोंगणीला, काहींचा हार्वेस्टरनं निघाला, उतारा चांगला पडतोय असं सगळे सांगतायत, थंडी गव्हाला लाभली. ज्याच्याकडे बाग आणि गहू दोन्ही होतं त्याचं थोडं तरी सावरलं.

काटेसावरीला बोंडं धरली, अजून हिरवी.

७ एप्रिल, रविवार

काल पाडवा. गुढीला निंबाचा डहाळा, नंबर ९ चा. फुलोरा भरपूर, पांढरा, बारीक, संध्याकाळी वास गल्लीत येतो. प्रसादात कोवळं पान, फूल, गूळ, जिरं, हिंग, भिजवलेली डाळ, चिंच. नंबर १० ला फूल थोडंच, त्याची एक बाजू जानेवारीत शेकोटीच्या आगीनं होरपळलेली आहे, त्या बाजूला पान आलं पण फूल नाही. आग झाडाच्या बुडाशी पेटवायची नाही हा मुद्दा पण लिहून ठेवला.

नाना गुढीसाठी डहाळा मागायला आमच्याकडे आले होते. दरवर्षी त्यांच्याच निंबाचा गावभर जायचा. दिला, आणि वाचनालयात रोपवाटिकेतून आणलेली निंबाची रोपं ठेवलीत त्यातली दोन पावसाळ्यात त्यांच्या बांधावर लावायचं त्यांनीच सांगितलं.

१४ एप्रिल, रविवार

द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली वेल नव्यानं फुटण्यासाठीची, जोरात. सकाळी बाबासाहेबांची जयंती, मिरवणूक संध्याकाळी असल्यामुळे दुपारी मीटिंग घेता आली. जे ठरलं ते असं.

यंदाच्या छाटणीच्या जाड काड्या आणि काढलेले ओलांडे, म्हणजे वेलीचे जुने जाडे हात, पेटवायचे नाहीत. बारीक काडी कुट्टी करून ओळीतच आच्छादनाला टाकायची, त्यानं उन्हाळ्यात ओल टिकते. जाड लाकूड मोळ्या बांधून शेडमध्ये किंवा प्लास्टिकच्या कागदाखाली रचायचं, डिसेंबरच्या शेकोटीसाठी. रोगट काडी, विशेषतः भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) जास्त होती त्या प्लॉटातली, वेगळी काढून नष्ट करायची, ती साठवायची नाही. आठ-दहा जणांनी तयारी दाखवलीय, नानांचा ढीग सगळ्यात आधी रचून झाला. प्रत्येकानं किती मोळ्या झाल्या ते शीटच्या दुसऱ्या पानावर लिहायचं, म्हणजे थंडीत एका रात्रीला एकराला किती लागतं त्याचा हिशोब मिळेल. ज्यांची बाग नाही त्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या ठेवाव्यात.

ओढ्याचा विषय १ मेच्या ग्रामसभेच्या अर्जात दिला, काटेसावरीचे फोटो आणि कोणकोणती पाखरं आली त्याची यादी जोडून.

झाडांचं काम पुढे चालूच. काटेसावरीची बोंडं फुटायला लागली, कापूस उडतोय. पळसाला चपट्या शेंगा, नवीन पान आलंय, मोठं, तीन तीनचं. उंबर पिकतोय. बहाव्याला लांबट कळ्यांचे घोस लोंबायला लागलेत, पुढच्या रविवारी तिसरीची पोरं शीट भरणार आहेत, पेन आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन सकाळी साडेसहाला शाळेच्या गेटवर.